रेडिओलहरी आणि मज्जासंस्था : नव्या वाचकासाठी प्रस्तावना

ठाण्याहून नाशिककडे निघालेला माणूस माणकोली नाक्यावर महामार्ग सोडून अंजूरफाट्याच्या दिशेने वळला की थोड्याच वेळात भिवंडीजवळचे दापोडे लागते. भिवंडी म्हटले की बाहेरच्यांना यंत्रमाग आठवतात. पण दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात आता गोदामांचे राज्य आहे. जिथे भातखाचरे होती तिथे पत्र्याची उंच शेड उभी राहिली. मुंबईत कुणी मोबाइलवर मागवलेली वस्तू पुष्कळदा इथल्याच एखाद्या रॅकवरून उचलली जाते. अशा गोदामात काम करणाऱ्याभोवती एका पाळीत रेडिओलहरी सोडणारी किती उपकरणे असतात ते पाहावे. हातात बारकोड वाचणारा स्कॅनर, तो वाय-फायवर चालतो. खिशात स्वतःचा मोबाइल. कानात ब्लूटूथचे इअरफोन. डोक्यावर छताला टांगलेले वाय-फायचे डबे, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे टॉवर.

या साऱ्याचा डोक्यावर, झोपेवर, नसांवर काही परिणाम होतो का, असा प्रश्न इथल्या माणसाने विचारला तर तो अडाणीपणाचा नाही. तो गेली साठ वर्षे प्रयोगशाळांत विचारला जातो आहे. त्यामागे भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्र यांच्या सीमेवर उभी असलेली एक अभ्यासशाखा आहे आणि तिची ओळख मराठी वाचकाला व्हावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

नव्या वाचकाला या विषयाची दोन टोके आधी भेटतात. एका टोकाला व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारी भीती असते: टॉवर आला की चिमण्या गेल्या, आता माणसांची पाळी. दुसऱ्या टोकाला ‘काही होत नाही हो’ असे म्हणून विषय मिटवणारे असतात. दोन्हीकडे एक गोष्ट सापडत नाही, ती म्हणजे प्रयोग. वाचकांनी सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करावा, कारण पुढचे सारे वाचन त्याच्या आधारावर सुकर होते. परिणाम होणे वेगळे आणि अपाय होणे वेगळे. जिना चढलो की नाडी वाढते, हा परिणाम आहे; तो आजार नव्हे. मज्जासंस्थेवर रेडिओलहरींचे काही परिणाम खरोखर नोंदले गेले आहेत. त्यांतला कुठला अपाय ठरतो, हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न आहे.

हा विषय आपल्याला परका नाही, हेही सांगायला हवे. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी जाहीर प्रयोगात अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि दूर ठेवलेली बंदुकीची दारू पेटवली. त्यांच्या काही लहरींची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर होती. ज्या मिलिमीटर-लहरींची चर्चा आज फाइव्ह-जीच्या निमित्ताने होते, त्या त्यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतःच्या हाताने घडवलेल्या उपकरणांतून निर्माण केल्या आणि पकडल्या. आणि हेच बसू पुढे सजीवांच्या संवेदनांकडे वळले. लाजाळूचे पान मिटते तेव्हा तिच्या देठातून विजेचा कोणता संदेश धावतो, हे मोजण्यात त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध घालवला. १९०२ साली त्यांचा सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावरचा ग्रंथ आला आणि १९२६ साली वनस्पतींच्या मज्जायंत्रणेवरचा. वनस्पतींविषयीचे त्यांचे सगळे निष्कर्ष आज मान्य नाहीत. तरी रेडिओलहरी आणि सजीवाची वीज, हे दोन्ही विषय एकाच माणसाने एकाच आयुष्यात हाताळावेत, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

आता थोडे मुळाशी जाऊ. मज्जासंस्था विजेवर चालते, म्हणून बाहेरची विद्युतचुंबकीय लहर तिच्यात ढवळाढवळ करील, असे सहज वाटते. वाटण्यात चूक काही नाही, पण वेळेचे गणित लक्षात घ्यावे लागते. चेतापेशीच्या आवरणाची जाडी काही नॅनोमीटर असते आणि त्याच्या दोन बाजूंत साधारण सत्तर मिलिव्होल्टचा फरक असतो. संदेश जायचा तर या आवरणातली सूक्ष्म दारे उघडतात, आयन आतबाहेर होतात आणि एक ठोका पुढे सरकतो. या सगळ्याला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. मोबाइलची ९०० मेगाहर्ट्झची लहर तेवढ्या एका मिलिसेकंदात नऊ लाख वेळा हेलकावते. दारे हलायला लागण्याआधीच लहरीची दिशा लाखो वेळा उलटलेली असते, म्हणून तिची ओढ दारांवर परिणाम करण्याआधीच फिटते. कमी वारंवारतेचे विद्युतक्षेत्र नस थेट उद्दीपित करू शकते. फिजिओथेरपीत वापरतात ते यंत्र त्यावरच चालते. पण मोबाइलच्या वारंवारतेला ती वाट बंद होते आणि मुख्यतः एकच सिद्ध मार्ग उरतो, तो उष्णतेचा.

क्ष-किरणांशी होणारी तुलनाही इथेच थांबवावी. ९०० मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे दहा लाखपट कमी असते. म्हणून या लहरी क्ष-किरणांप्रमाणे डीएनएचे बंध थेट तोडू शकत नाहीत. शरीरात शोषली गेलेली ऊर्जा किती, हे ‘सार’ नावाच्या मापाने मोजतात: दर किलो ऊतीमागे किती वॅट. भारतात मोबाइल संचासाठी ही मर्यादा एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोमागे १.६ वॅट आहे. तुमच्या फोनवर *#०७# दाबले तर पुष्कळ संचांत हा आकडा दिसतो. तो संचाने पूर्ण ताकदीने लहरी सोडल्या तर किती शोषण होईल, याचा आकडा असतो. रोजच्या वापरातले शोषण सहसा त्याहून बरेच कमी असते. अगदी पूर्ण ताकदीलाही मेंदूचे तापमान वाढते ते अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास. दीर्घ बोलण्यानंतर कान गरम लागतो, तो मुख्यतः तापलेल्या बॅटरीमुळे आणि कानाला चिकटलेल्या काचेमुळे.

मग सारे काही उष्णतेवरच संपते का? या शाखेचा खरा गोडवा या प्रश्नापासून सुरू होतो.

१९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अ‍ॅलन फ्रे यांनी दाखवले की रडारसारख्या स्पंदित सूक्ष्मलहरी डोक्यावर पडल्या तर माणसाला टकटक किंवा गुणगुण ‘ऐकू’ येते, आसपास कुठलाही आवाज नसताना. अनेकांना हे खोटे वाटले. पुढे उलगडले ते असे: प्रत्येक स्पंदनाने डोक्यातल्या ऊतीचे तापमान अंशाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी वाढते, पण इतक्या झटकन वाढते की ऊती किंचित प्रसरण पावते, दाबाची लहर उठते आणि ती कवटीतून अंतर्कर्णात पोहोचते. मज्जासंस्थेवरचा हा निःसंशय परिणाम. पण त्यासाठी लागणारी स्पंदने मोबाइलच्या स्पंदनांपेक्षा फारच बलवान असावी लागतात. आपल्या कानातल्या गुणगुणीचे खापर त्यामुळे फोनवर फोडता येत नाही.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. २०११ साली नोरा व्होल्कोव यांच्या गटाने ४७ निरोगी माणसांच्या दोन्ही कानांना फोन लावले. एका फोनवर कॉल सुरू ठेवला, पण आवाज बंद, म्हणजे ऐकण्याचा परिणाम मिसळू नये. पन्नास मिनिटांनी मेंदूचे चित्रण केले तेव्हा अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्याच वर्षी फिनलंडमधल्या एका छोट्या प्रयोगात उलट, फोनजवळच्या भागात तो वापर घटलेला आढळला. वाचकांनी या जोडीपाशी जरा थांबावे. दोन्ही गट जाणत्यांचे, दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले, आणि दिशा विरुद्ध. अशा वेळी ‘मेंदूवर परिणाम होतो’ हे वाक्य खरे असूनही त्यावरून फारसे काही सांगता येत नाही. सात टक्के हा आकडाही एकटा वाचू नये; नुसते डोळ्यांसमोर काही हलले तरी मेंदूच्या दृष्टिभागात याहून मोठे बदल होतात.

सर्वांत चिवट पुरावा झोपेतून आलेला आहे. १९९९ साली झुरिकच्या बोर्बेली आणि आखरमान यांच्या गटाने झोपलेल्या तरुणांच्या मेंदूलहरी नोंदल्या आणि त्यांना मोबाइलसारख्या स्पंदित लहरींच्या सान्निध्यात ठेवले. झोपेच्या ठरावीक टप्प्यात, सेकंदाला दहा ते चौदा आवर्तनांच्या पट्ट्यात, मेंदूलहरींची ताकद किंचित वाढलेली दिसली. त्यानंतर निरनिराळ्या प्रयोगशाळांत असेच काहीसे पुन्हापुन्हा दिसत आले. सगळ्यांना दिसले असे नाही, पण दुर्लक्ष करण्याइतके विरळही नाही. आणि तरी झोप मोडली, खोली कमी झाली, सकाळी स्मरण बिघडले, असे सातत्याने आढळलेले नाही. मला हा निष्कर्ष या साऱ्या वाङ्मयात सर्वांत मोलाचा वाटतो. यात परिणाम आहे, त्याची यंत्रणा अजून समजलेली नाही, आणि अपाय दिसत नाही. ज्याला या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगता येतात, त्याला हा विषय कळू लागला असे समजावे.

याउलट ज्यांचा बोलबाला झाला आणि जे पुढे टिकले नाहीत, असेही प्रयोग आहेत. स्वीडनमध्ये लुंडच्या साल्फर्ड यांनी २००३ साली लिहिले की दोन तास मोबाइलच्या लहरींत ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत रक्त आणि मेंदू यांमधली संरक्षक भिंत झिरपू लागली आणि काळवंडलेल्या चेतापेशी दिसल्या. जगभर खळबळ उडाली. अमेरिका, फ्रान्स आणि जपानमधल्या गटांनी अधिक काटेकोरपणे हाच प्रयोग केला तेव्हा तसे काही आढळले नाही. इंटरनेटवर मात्र त्या मेंदूंचे २००३ चे छायाचित्र अजून फिरते. कोणताही एकुलता प्रयोग वाचताना तुम्ही लगेच पुढचा प्रश्न विचारावा: तो दुसऱ्या कुणी करून पाहिला का, आणि त्यांना काय दिसले?

आता डोकेदुखीकडे वळतो, कारण बहुतेक वाचक त्यासाठीच या विषयाकडे आलेले असतात. टॉवरजवळ गेले की डोके भणभणते, वाय-फाय सुरू असले की झोप लागत नाही, हाताला मुंग्या येतात, असे सांगणारी माणसे जगभर आहेत. त्यांचा त्रास खरा असतो. तो ढोंग आहे असे म्हणणारा या क्षेत्रात कुणी जबाबदार अभ्यासक नाही. प्रश्न कारणाचा आहे. ते शोधायला दुहेरी अंध प्रयोग करतात: लहरी सुरू आहेत की बंद, हे त्या माणसालाही ठाऊक नसते आणि नोंद घेणाऱ्यालाही नसते. २०१० साली लंडनच्या जेम्स रुबिन आणि सहकाऱ्यांनी असे ४६ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत एकूण ११७५ माणसे होती. लहरी खऱ्या असोत की खोट्या, त्रास जवळपास सारखाच होत होता. ‘सुरू आहे’ असे वाटले की लक्षणे येत, मग यंत्र बंद असले तरी. भीतीचा शरीरावर होणारा परिणाम हासुद्धा मज्जासंस्थेचाच परिणाम आहे आणि तो मोजता येण्याइतका खरा आहे. म्हणून भीती पसरवणारा संदेश पुढे ढकलणे हे निरुपद्रवी काम मानू नये.

दापोड्याच्या एखाद्या शेडमध्ये रात्रपाळीला पिकिंग करणाऱ्याचे डोके पहाटे तीन वाजता दुखत असेल, तर आधी काय तपासावे, तेही यातून सुचते. पत्र्याखालचा उकाडा, पोटात न गेलेले पाणी, डोळ्यांवर सतत पडणारा पांढरा उजेड, फोर्कलिफ्टचा भोंगा, उलटीपालटी झालेली झोप. यांतल्या प्रत्येकाचा मज्जासंस्थेशी संबंध भक्कम पुराव्याने सिद्ध आहे. स्कॅनरला दोष देऊन हे सारे नजरेआड झाले, तर त्या कामगाराचे नुकसानच होते.

कर्करोगाचा विषय इथे थोडक्यात आटोपतो. तो मेंदूचा असला तरी त्याची चर्चा अन्यत्र भरपूर झाली आहे. तेरा देशांत झालेला ‘इंटरफोन’ अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एकंदरीत धोका वाढलेला दिसला नाही. सर्वाधिक बोलणाऱ्या गटात ग्लायोमाचे (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीचे) प्रमाण अधिक दिसले, पण जुन्या वापराच्या आठवणींवर विसंबल्याने त्या आकड्याबाबत शंका राहिली. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा वर्गात टाकले. २०१८ साली अमेरिकी सरकारी कार्यक्रमात आयुष्यभर तीव्र लहरींत ठेवलेल्या नर उंदरांच्या हृदयात मज्जातंतूंच्या वेष्टनापासून उगवणाऱ्या गाठी दिसल्या. त्याच प्रयोगातले ते उंदीर लहरींविना वाढलेल्या उंदरांपेक्षा अधिक जगले, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले आणि मोबाइल व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

महाराष्ट्रात हा वाद मुख्यतः टॉवरभोवती फिरला. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० साली दूरसंचार विभागाला टॉवरच्या रेडिएशनवर सविस्तर अहवाल दिला आणि मर्यादा फार कडक कराव्यात असा आग्रह धरला. मुंबईत मलबार हिलवर सह्याद्री अतिथिगृहावरच्या अँटेनांविरुद्ध अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठवला. केंद्राने आंतरमंत्रालयीन समिती नेमली आणि १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. सांगली जिल्ह्यातल्या चिकुर्डे ग्रामपंचायतीने टॉवरला विरोध करणारा ठराव केला तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि अपायाचा शास्त्रीय पुरावा नाही म्हणून तो ठराव टिकला नाही. गिरीश कुमारांच्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. पण त्यांनी हा विषय सरकारी टेबलावर ठेवला, मोजमापाची मागणी केली, हे काम मोठेच होते. आपल्याकडे चाचण्या आणि मोजणीची परंपराही आहे. पवईच्याच आवारातली ‘समीर’ ही सरकारी संस्था १९८४ पासून सूक्ष्मलहरींवर काम करते आहे.

टॉवरच्या या वादात एक गोष्ट हमखास निसटते, आणि ती दापोड्यात डोळ्यांनी पाहता येते. पत्र्याची शेड रेडिओलहरी अडवते. आत रेंजची एखादी काडी उरते. यंत्रमागांच्या खडखडाटात बोलायचे तर ओरडावे लागते; कमकुवत रेंजमध्ये फोन नेमके तेच करतो, टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी आपली ताकद वाढवतो. चांगल्या आणि वाईट रेंजमधल्या त्याच्या ताकदीत हजारपटीहून अधिक फरक पडू शकतो. म्हणजे डोक्यात शोषल्या जाणाऱ्या लहरींचा मोठा वाटा दूरच्या टॉवरचा नसून कानाला लावलेल्या संचाचा असतो, आणि टॉवर जितका लांब ढकलावा तितका तो वाटा वाढतो. ज्याला काळजी घ्यायचीच आहे, त्याने शेडच्या दाराशी येऊन बोलावे, किंवा इअरफोन लावून संच डोक्यापासून दूर ठेवावा. स्कॅनर हातात, डोक्यापासून दीड-दोन फुटांवर असतो आणि अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. म्हणून त्याचा मेंदूवरचा भार कानाशी धरलेल्या फोनच्या मानाने अगदी किरकोळ ठरतो.

उपकरणाचा परिणाम आणि त्याच्या लहरींचा परिणाम हेही वेगळे काढायला शिकावे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवले जातात, मुले अभ्यासाला बसतात. त्या गावाने रेडिएशनबद्दल काही म्हटलेले नाही. त्यांचा प्रश्न लक्ष आणि वेळ यांचा होता. रात्री उशाशी फोन घेऊन झोपणाऱ्याची झोप बिघडते, त्यातही पडद्याचा उजेड, येणारे संदेश आणि मनाची ओढ यांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

काही दालने अजून उघडी आहेत आणि नव्या अभ्यासकाला तिथे जागा आहे. लहान मुलांची कवटी पातळ आणि मेंदू वाढीचा, म्हणून त्यांच्यावरचे दीर्घकालीन अभ्यास हवे आहेत. फाइव्ह-जीच्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी त्वचेत एक मिलिमीटरही शिरत नाहीत. मेंदूऐवजी त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांचा अभ्यास तिथे महत्त्वाचा ठरेल. झोपेतल्या त्या वाढलेल्या मेंदूलहरींचे कारण कुणीतरी शोधायचे आहे. भिवंडीतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने साधा तीव्रतामापक घेऊन गोदामाच्या आत, दाराशी आणि टॉवरखाली महिनाभर नोंदी केल्या, तर तो उत्तम विद्यार्थी-प्रकल्प होईल.

वाचनाचा क्रम विचाराल तर माझे सांगणे असे. आधी चेतापेशीचा ठोका समजून घ्यावा. अकरावी-बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक त्याला पुरते. मग फ्रे यांची टकटक, कारण तिच्यात यंत्रणा पूर्णपणे उलगडलेली आहे. त्यानंतर झुरिकचे झोपेचे प्रयोग. मग लुंडचा प्रयोग आणि त्याची पुनरावृत्ती शेजारी-शेजारी ठेवून वाचावी. रुबिन यांचा आढावा मात्र, स्वतःला लहरींचा त्रास होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी घरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाबरोबर बसून वाचावा आणि वाचून झाल्यावर आपल्या डॉक्टरांशी डोकेदुखीबद्दल मोकळेपणाने बोलावे.